विसाव्याची कार्डं : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज वही सुरू केली. काम काय आहे ते आधी लिहून ठेवते.

चाळीच्या महिला मंडळासाठी कार्डं करायची. पोस्टकार्डाएवढी, जाड पुठ्ठ्याची. एका कार्डावर मुंबईतली एकच जागा. सकाळचं आवरून निघालेली बाई तिथे तासभर निवांत बसून चारच्या चहाला घरी परतली पाहिजे. जायचं बसने, लोकलने किंवा लाँचने. एका दिवशी एकच जागा, दोन नाहीत.

सुरुवात आईमुळे झाली. जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरात बसू नका, रोज बाहेर पडा, थोडं चाला, मोकळ्या हवेत बसा. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "बसू खंय गो?"

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मुलांकडून मुंबईचे नकाशे भरून घेतले. बंदरं, गिरण्या, तलाव, रेल्वेमार्ग सगळं. आईच्या प्रश्नाला मात्र देवळाशिवाय एकही उत्तर सुचलं नाही. लालबागमध्ये ती ५३ वर्षं राहते आहे. या शहरात ती चालली, रांगेत उभी राहिली, गर्दीत लोंबकळली. निवांत बसली कुठे, ते तिलाही सांगता येईना.

प्रत्येक जागी पाच गोष्टी टिपायच्या: बाकाची उंची, सावली किती वाजता कुठे, पिण्याचं पाणी, संडास, पायऱ्यांची संख्या. शिवणाच्या डब्यातली टेप पिशवीत टाकली. सहावी गोष्ट आईने सांगितली. "थंय कोण उठवणा नाय मां, ता पण लिही."

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहिली जागा राणीची बाग ठरली होती. दारापर्यंत गेलो तर कुलूप. बाग बुधवारी बंद असते. मी आधी बघायला हवं होतं. आईला ऑक्टोबरच्या उन्हात उगाच चालवलं. कार्डावर आता सगळ्यात वर, जागेच्या नावाच्याही आधी, बंद असण्याचा वार लिहायचा.

परत भायखळा स्टेशनवर आलो. या स्टेशनाची जुनी दगडी इमारत अलीकडे फार मायेने दुरुस्त केली आहे. २०२२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. इतकी वर्षं इथून गेले, पण त्या कमानींकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. धीम्या गाडीच्या फलाटावर बाकावर बसलो. गाडी आली. आई म्हणाली, ही जाऊ दे, पुढची घेऊ. पुढची आली, तीही जाऊ दिली. अशा सहा गाड्या सोडल्या. चढणारी, उतरणारी, धावत येऊन डबा चुकवणारी माणसं बघत चाळीस मिनिटं बसलो. गाडी जाताना मला आधी आपलं काही निसटतंय असं वाटत होतं. चौथ्या गाडीपाशी ते थांबलं.

वहीत लिहिलं: भायखळा फलाट, दुपारी बारा ते एक, पंख्याखालचा बाक. उंची १७ इंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाग उघडी. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बसमध्ये आणि घराघरात राणीची बागच. १८६० च्या दशकात वनस्पती उद्यान म्हणून ती सुरू झाली. लोक पिंजऱ्यांकडे आणि पेंग्विनकडे धावतात, त्यामुळे झाडांखालचे बाक मोकळे राहतात. आमच्या कामाला ते बरंच झालं.

गोरखचिंचेजवळ बराच वेळ बसलो. मूळची आफ्रिकेतली ही झाडं. खोड इतकं रुंद की आईने हात पसरून पाहिले आणि म्हणाली, आपल्या खोलीत मावणार नाही. साल हत्तीच्या पायासारखी.

खरा हत्ती पुढे आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात. दगडाचा. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडून तो इथे उभा केला. मी हे सांगत असताना आई त्याच्या पायांच्या जोडाकडे निरखून पाहत होती. मग आपल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "याचेही सांधे जोडलेत तर."

नोंद: बाकांची उंची १५ ते १८ इंच. पंधराच्या बाकावरून आईला हात दिल्याशिवाय उठता येत नाही. सतरा चांगला. सावली दिवसभर. शाळांच्या सहली अकरानंतर येतात, त्याआधी शांतता. संडास आहे. कोणी उठवत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली. पाहुणे गेले. हॉर्निमन सर्कलला मी एकटीच गेले, आईला फराळाने जडपणा आला होता.

गोल बाग, भोवती जुन्या दगडी इमारतींचं कडं, समोर टाउन हॉलच्या तीस पायऱ्या. १८३३ मध्ये बांधून झालेली ही इमारत, एशियाटिक सोसायटीचं घर. बागेला ज्यांचं नाव आहे ते बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. जालियनवाला बागेच्या बातम्यांच्या त्या काळात, १९१९ मध्ये, इंग्रज सरकारने त्यांना हद्दपार केलं. स्वातंत्र्यानंतर मुंबईने एल्फिन्स्टनचं नाव काढून या माणसाचं दिलं. मुलांना धडा शिकवताना मी हे दरवर्षी सांगायचे. त्याच्या नावाच्या सावलीत प्रथमच बसले.

एक ते दोन इथे कचेऱ्यांतली माणसं डबे खातात. बोलणं कमी. एका झाडाखाली एक शिपाई चपला काढून पाय गवतावर ठेवून डोळे मिटून बसला होता. त्याला बघून मीही चपला काढल्या. गवत अजून ओलं होतं. पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, फोर्टातला तो सतत चालू असलेला भोंग्यांचा आवाज कमी झालेला नाही, मी फक्त त्याच्याकडे लक्ष देणं सोडलंय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आजची जागा कार्डांत घेणार नाही. नावही लिहीत नाही. बाग सुंदर, बाक सतरा इंचांचे, सावली दाट, नळाला पाणी. मी तिथे पाऊण तास बसले आणि तेवढ्यात रखवालदाराने तीन वेळा येऊन विचारलं, "कोणाची वाट बघताय?"

तो उद्धट नव्हता. एकटी बाई काहीही न करता बसली आहे, याचा अर्थ त्याला लागत नव्हता, इतकंच. फोन बघत असते, पुस्तक असतं, सोबत नातवंड असतं, तर विचारलं नसतं. मला फार लागलं ते. घरी येताना आईची सहावी गोष्ट आठवत राहिले. इतके दिवस मी ती वहीत शेवटी लिहीत होते. आजपासून ती पहिली.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा. मंडळातल्या आठ जणींसह संध्याकाळी बाणगंगा. कुंडाच्या चारही बाजूंच्या पायऱ्यांवर पणत्या, आरती, पाण्यात हलणारे दिवे. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण पाय ठेवायला जागा नव्हती, आईला धक्के लागले, आणि बसणं तर दूरच. उत्सव म्हणून हे दर वर्षी करावं, कार्डासाठी मात्र पुन्हा येणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेसात. तीच बाणगंगा. पायऱ्यांवर तेलाचे डाग आणि दोन-चार पणत्या राहिल्या होत्या. बदकं, एक धुणं धुणारी बाई, घंटेचा मधूनच आवाज.

कुंड शिलाहारांच्या काळातलं. ११२७ मध्ये त्यांचे प्रधान लक्ष्मण प्रभू यांनी ते बांधल्याचं सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात इथलं वाळकेश्वराचं देऊळ गेलं. १७१५ मध्ये रामा कामत यांच्या देणगीतून देऊळ आणि कुंड पुन्हा उभं राहिलं. पलीकडे चार पावलांवर खारा समुद्र आणि इथे गोड पाण्याचा झरा. लक्ष्मणाने बाण मारून गंगा काढली ही कथा आईने मला लहानपणी सांगितली होती, तीच आज पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत. काठावर गोव्याच्या कवळे मठाची वास्तू आहे. गोव्याकडून येणाऱ्यांचा इथे शतकांचा राबता.

आईला पायऱ्या उतरता आल्या नाहीत. ती सगळ्यात वरच्या पायरीवर दीपमाळेजवळ बसली. वरून सगळं दिसतं, खाली जायची गरजच नाही. पायरीची उंची मात्र फक्त ८ इंच, म्हणून कार्डावर लिहिलं: घडीचं स्टूल किंवा जाड उशी न्यावी, उठताना हाताला धरायला कोणीतरी हवं.

एकाच जागेची दोन कार्डं करावीत का? परवाची जागा आणि आजची जागा मला वेगळ्याच वाटल्या. ठरवलं: कार्ड एकच, पण वेळ ठळक अक्षरांत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शीवजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावीला लागून. ३७ एकर. एके काळी शहराचा कचरा इथे ओतत. त्या कचऱ्याच्या थरावर माती टाकून, एकेक रोप लावून हे रान उभं केलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. शेजारून मिठी नदी, काठाला खारफुटी. आत गेल्यावर लिंक रोडवरच्या गाड्यांचा आवाज झाडं गाळून घेतात. पन्नास पावलांत फरक कळतो. फुलपाखरं भरपूर. डासही भरपूर, अंगभर कपडे हवेत.

आईने झाडाच्या बुंध्याशी पायाने माती उकरून पाहिली. खाली कचरा दिसतो का ते बघत होती. नाही दिसला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मोऱ्याच्या लाँचची तयारी. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदर, म्हणजे उरण. साधारण तासाभराचा प्रवास. मोऱ्याला गाळ साठतो, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला अडचण होते. त्यामुळे आधी भरती-ओहोटीचं गणित.

आईचं गणित कालनिर्णयाशिवाय होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी-संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. त्या दिवशी दुपारचं जाऊ नये. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती. हे तिच्या वडिलांनी तिला मालवणात शिकवलेलं. मी भरतीची कारणं फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवली, पण ही पाऊणकी मला ठाऊक नव्हती, आणि आईनेही कधी सांगितली नव्हती, कारण मी विचारलं नव्हतं.

गुरुवारी अमावास्या. शुक्रवारी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. दुपारी पाऊण वाजता भरती. शुक्रवार ठरला. शिवाय मार्गशीर्ष लागला की मंडळातल्या बायका गुरुवारी घटाच्या गडबडीत असतात, म्हणून कार्डांवर गुरुवार सुचवायचाच नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे सविस्तर लिहिणार आहे.

सकाळी नऊला बसने भाऊच्या धक्क्यावर. मासळीचा लिलाव पहाटेच उरकलेला, पण बर्फाचा चुरा, टोपल्या आणि वास तसाच. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा धक्का बांधला आणि सरकारी कागदात काहीही लिहिलेलं असो, लोकांनी तो भाऊंच्याच नावावर ठेवला.

आई बसमधून उतरली आणि उभीच राहिली. मला वाटलं गुडघा. तसं नव्हतं. १९७२ मध्ये, लग्नानंतर, ती मालवणहून बोटीने निघून इथेच उतरली होती. किनाऱ्यापासून पडावाने बोटीपर्यंत, मग रात्रभर डेकवर वळकटीला टेकून, आणि सकाळी हा धक्का. त्यानंतर ती कोकणात गेली ती एस्टीने, पुढे रेल्वेने. ५३ वर्षांत लालबागहून इतक्या जवळच्या या जागी ती पुन्हा आली नव्हती. "कशाला येणार होते," ती म्हणाली. "काम नव्हतं."

लाँचवर चढताना खलाशाने तिला कोपराला धरून अलगद घेतलं. "आजी, सावकाश. लाँच तुम्हाला सोडून जात नाही." वरच्या डेकवर लाकडी बाक. उंची १६ इंच, पाठ टेकायला कठडा.

लाँच सुटली आणि दहा मिनिटांत शहर गप्प झालं. इंजिनाचा एकसुरी धडधडाट असतोच, पण त्याची सवय होते, मग तोच शांततेसारखा वाटतो. मागे गोदीच्या क्रेन लहान होत गेल्या. नांगरलेली मोठी जहाजं. त्यांच्या गंजक्या बाजूजवळून जाताना आपण किती लहान ते कळतं. डावीकडे घारापुरीचा हिरवा डोंगर. राणीच्या बागेतला हत्ती इथून आला, असं मी म्हटल्यावर आईने बेटाकडे हात जोडले. कुरव पक्षी लाँचच्या मागे येत होते. हिवाळ्यात ते उत्तरेकडून या खाडीवर येतात. शेजारची उरणची बाई रिकाम्या पाट्या पायाशी ठेवून गाढ झोपली होती. तिचा हा रोजचा विसावा असणार.

आई फारसं काही बोलली नाही. एकदा म्हणाली, त्या सकाळी तिला मळमळत होतं आणि डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मुंबई पहिल्यांदा कशी दिसली ते तिने पाहिलंच नव्हतं. आज पाहिली. परतीच्या प्रवासात ती मुद्दाम पुढच्या बाजूला बसली आणि शहर जवळ येईपर्यंत तोंड वळवलं नाही.

मोऱ्याला आम्ही उरणात गेलो नाही. जेट्टीवर सावलीत दशम्या खाल्ल्या, पाण्याची पातळी बघत बसलो, आणि पाऊणची भरती ओसरायला लागण्याच्या आत परतीची लाँच धरली. लोक विचारतील, तिकडे बघायला काय आहे? कार्डावर लिहिलंय: जाणं हीच जागा.

संडास: लाँचवर भरवसा धरू नये, धक्क्यावर उरकावं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तर जाऊ नये. पाणी घरून न्यावं.

२ डिसेंबर, मंगळवार

कान्हेरी. मी एकटी. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. बोरिवलीच्या दारातून आतल्या बसने गेले. चढ आणि पायऱ्या पाहून आईसाठी ही जागा नाही हे लगेच कळलं; कार्डावर "गुडघे बरे असतील तरच" असं लाल शाईने लिहिणार.

पण या डोंगराने मला थक्क केलं. शंभराहून जास्त लेणी, हजारभर वर्षांत कोरलेली. माझं लक्ष चैत्याकडे नव्हतं, भिक्षूंच्या लहान खोल्यांकडे होतं. व्हरांड्यात कातळात कोरलेला लांब बाक. खोलीलगत पाण्याचं टाकं, डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळीने त्यात उतरवलेलं. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेणी आणि पोढ्या दान करणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, बायकाही आहेत. म्हणजे कुणीतरी आपल्या कमाईतून दुसऱ्याला बसायला जागा आणि प्यायला पाणी दिलं आणि तेवढंच दगडावर लिहून ठेवलं. माझ्या पाच नोंदींतल्या तीन त्या कातळात होत्या: बाक, सावली, पाणी.

टेप लावली. एक बाक बरोबर १७ इंच. मी बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले.

९ डिसेंबर, मंगळवार

गोराईचा विपश्यना पगोडा, खाडी ओलांडून बोटीने. खांब नसलेला दगडी घुमट, आत हजारो माणसं ध्यानाला बसतील एवढा. २००९ मध्ये खुला झाला. मुख्य दालनात फक्त दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांना बसता येतं, आपण काचेतून पाहायचं. आवार स्वच्छ, पाणी-संडास उत्तम. लालबागहून येऊन-जाऊन मात्र दिवस जातो, चारच्या चहाला घरी पोचता येत नाही. कार्ड केलं, पण वेगळ्या रंगाचं.

१४ डिसेंबर, रविवार

आठ कार्डं तयार. अक्षर मोठं, काळ्या शाईत, चष्मा नसला तरी वाचता येईल असं. मागच्या बाजूला नकाशा हाताने काढलाय: बस कुठे सोडायची, रस्ता कुठे ओलांडायचा, पहिला बाक कुठे. मंडळाच्या खोलीत कालनिर्णयाच्या खिळ्यालाच दोऱ्याने लटकवली. घेऊन जायचं, परत आणून लावायचं. परत आणताना जे चुकलंय ते पेन्सिलने लिहायचं.

बैठकीत पहिला प्रश्न: "घरी काय सांगायचं, कुठे चाललो?" सगळ्या गप्प. आई म्हणाली, "सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय." दुसऱ्या एकीने विचारलं, तिथे जाऊन नुसतं बसायचं की जप करायचा? मी म्हटलं, नुसतं बसायचं. तिने ते दोनदा विचारलं.

२० डिसेंबर, शनिवार

पाच कार्डं बाहेर आहेत. दोन परत आली.

तळमजल्यावरच्या वहिनी राणीच्या बागेत जाऊन आल्या. वीस वर्षं पोळ्यांची कामं करतात, सकाळच्या चार घरांनंतर मधल्या दोन तासांत गेल्या. कार्डावर त्यांची पेन्सिल: "गोरखचिंचेजवळच्या बाकावर साडेबाराला ऊन येतं. हत्तीच्या बाजूला बसावं." बरोबर आहे, मी ऑक्टोबरमध्ये पाहिलं होतं, आता सूर्य दक्षिणेला सरकलाय. सावलीची नोंद महिन्याप्रमाणे करावी लागेल. भूगोलाच्या बाईला हे आधीच सुचायला हवं होतं.

हॉर्निमनच्या कार्डावर फक्त "चपला काढल्या" एवढंच. अक्षर कोणाचं ते ओळखलं नाही.

मोऱ्याचं कार्ड आईने खिळ्यावरून काढून स्वतःच्या उशीखाली ठेवलंय. पौष पौर्णिमा ३ जानेवारीला, शनिवारी. भरती बाराच्या सुमारास. काल रात्री तिने मला अंथरुणातून विचारलं, पुढच्या बाकावर जागा मिळेल ना? मग म्हणाली, नाही मिळाली तर मागच्या बाकावर. "खंय पण बसूया. पण लवकर निघूया."